आईच्या मशीनचा सेल

"दाढीचं मशीन आहे का हे?"

दुकानदाराने ते उलटंसुलटं करून पाहिलं, बटण दाबलं, कानाशी नेऊन खुळखुळ्यासारखं हलवलं.

"नाही हो. बोलायचं मशीन आहे," मी म्हणाले.

"म्हणजे माईक?"

"माईक नाही. आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. स्वरयंत्र काढून टाकलंय. हे गळ्याला टेकवलं की तिला बोलता येतं. याचा सेल गेलाय. तसला सेल पाहिजे."

तेव्हा कुठे त्याने आईकडे पाहिलं. मग काउंटरवरून ओणवा होऊन पलीकडच्या चौकात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मावशी! काय होतंय तुम्हाला?"

आईने कानाला हात लावला आणि मान हलवली. कान चांगले आहेत, असं तिला म्हणायचं होतं. तो समजला, ऐकू येत नाही. त्याने आणखी आवाज चढवला.

"मावशी! सेल नाही मिळत असला! नवीन मशीन घ्या!"

आईने त्याच्या हातातून मशीन ओढून घेतलं आणि पायरी उतरून चालायला लागली.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतली ती शुक्रवारची दुपार. आम्ही सकाळच्या एस्टीने भोरहून स्वारगेटला उतरलो होतो. गल्लीत शिरल्यापासून हे असंच चाललं होतं. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांत वायरींची वेटोळी, बल्ब, रेडिओ, कॉम्प्युटरचे डबे, चार्जरच्या माळा. जगातला प्रत्येक सेल तिथे टांगलेला होता, आमचा सोडून.

ते मशीन बॅटरीएवढं होतं, हातात धरायची बॅटरी असते ना, तेवढं. ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी ते मिळवून दिलं होतं. आधी दुसऱ्या कुणा पेशंटचं होतं, तो माणूस गेल्यावर घरच्यांनी दान केलेलं. परदेशी बनावटीचं. कंपनीचं नाव घासून गेलेलं. त्यामुळे कुठे तक्रार करायची, कुणाला फोन करायचा, काहीच माहीत नव्हतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, पुण्यात तपकीर गल्लीत बघा, तिथे सगळं मिळतं.

त्याच्याआधी आईला मशीनची गरज कधी पडेल, असं भोरमध्ये कुणाला सांगितलं असतं तर हसला असता. स्टँडमागे आमची खानावळ होती. ड्रायव्हर, कंडक्टर, कोर्टात तारखेला आलेले लोक जेवायचे. आई चुलीपाशी बसून ओरडायची, "तीन नंबरला भाकरी! कोपऱ्यात आमटी!" आणि स्टँडवर उभ्या माणसाला भूक लागायची. वडील गेल्यावर त्या आवाजावरच घर चाललं. मग दाताला लावायच्या तंबाखूच्या मिश्रीने घात केला. घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मानेच्या खाली श्वासासाठी भोक राहिलं, आणि आवाज गेला. खानावळ बंद पडली. चहा फुंकून गार करायचा म्हटलं तरी तिला फुंकर येत नव्हती.

मशीनचा आवाज मात्र तिचा नव्हता. बटण दाबलं की घरघर सुरू व्हायची, आणि ओठ हलवले की त्या घरघरीतून शब्द निघायचे, सगळे एकाच पट्टीत. राग, लाड, चेष्टा, सगळं सारखंच. शेजारच्या लहानग्या मुली पहिल्यांदा ऐकून रडत पळाल्या होत्या. एका बारशाला दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आईने ते पाहिलं. तेव्हापासून ती बाहेर फारसं बोलत नव्हती, घरात मात्र पुष्कळ बोलायची.

आणि आता रविवारी माझी सुपारी होती.

स्थळ बबनकाकांनी आणलेलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. मनाने चांगले, पण एकदा एखादी गोष्ट हातात घेतली की दुसऱ्याला तिला हात लावू द्यायचे नाहीत. मुलगा महेंद्र शिळीमकर, शिरवळच्या एका कंपनीत सुपरवायझर. बघायला आले तेव्हा त्याची आई आणि मामा बोलले, काका बोलले, मला विचारलं तेवढ्याची मी उत्तरं दिली. महेंद्र पोह्यांची बशी घेऊन शांत बसला होता. मला ते आवडलं होतं. बडबड्या माणसांचा मला कंटाळा होता. आईचं मशीन त्या दिवशी कुरकुरत होतं, दोन शब्दांत धाप लागल्यासारखं बंद व्हायचं. पाहुणे गेल्यावर तर ते साफच गेलं. तेव्हापासून आई नुसते ओठ हलवत होती, आणि आम्ही आपापल्या सोयीने अर्थ लावत होतो.

"वहिनी म्हणतात, आहेर काय करायचा," काका म्हणायचे.

आई जोरजोरात मान हलवायची.

"बरं बरं, साडीचं म्हणताय. ते बघू आपण."

आई तळहातावर हात आपटायची. मी मध्ये पडायचे. "आई, पाहुण्यांच्या जेवणाचं म्हणतेस का?" ती माझ्याकडे अशी बघायची, की मला वाटायचं आपणच बहिरे आहोत. तिला लिहिता येत नव्हतं. शाळेत दुसरीनंतर ती गेली नव्हती, सही तेवढी यायची. मग दोन दिवस तिने माझ्या मागे टुमणं लावलं. मशीन दाखवायचं, दाराकडे बोट करायचं. पुणे. पुणे. पुणे.

म्हणून आम्ही तिथे होतो.

दुसऱ्या दुकानात सेल मिळाला. निदान तसं वाटलं. दुकानदाराने चौकोनी सेल काढला, "हाच, हाच," म्हणाला. बसवायला गेला तर तो केसभर मोठा. त्याने अंगठ्याने दाबला, मग टेबलावर ठेवून दाबला.

"अहो, मोडेल!"

"मोडत नाही ताई, परदेशी माल आहे."

कडकन आवाज आला. मशीनच्या झाकणाचा एक कोपरा त्याच्या हातात आला होता. तो त्याने अगदी अदबीने माझ्या हातावर ठेवला. "ते आधीच क्रॅक होतं," म्हणाला.

मी भांडले. मला भांडता यावं तितकं भांडले. बाजूचे दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. आई माझा दंड धरून मला ओढत होती. तिची नजर पुढच्या दुकानावर होती. भांडायला तिला वेळ नव्हता.

पुढच्याने सेल ओळखला, पण म्हणाला, "सिंगल पीस देत नाही. होलसेल आहे. पेटी घ्यावी लागेल."

"मिळेल का पण पेटी?"

"मागवावी लागेल. मुंबईहून."

"कधी येईल?"

"ते ऑर्डर किती आहे त्यावर."

"एक पेटी!"

"एका पेटीला कोण मागवतो?"

त्याच्यानंतर एक रिपेअरिंगवाला भेटला. त्याने स्क्रू काढून मशीन उघडलं, आतल्या हिरव्या पाटीवर पिन टेकवून बघितली, जिभेने च् च् केलं. "सेलचा प्रॉब्लेमच नाही. बोर्ड गेलंय. ठेवून जा. आठ दिवसांनी या."

आठ दिवस म्हटल्यावर आईने झडप घालून मशीन उचललं. स्क्रू राहिले त्याच्या टेबलावर. मी ते गोळा करून रुमालात बांधले. आम्ही पायरी उतरेपर्यंत तो मागून म्हणत होता, "बाई, बोर्ड गेलंय, कुठेही जा, बोर्ड गेलंय!"

कुणी मोबाईलच्या दुकानात पाठवलं. मोबाईलवाल्याने घड्याळवाल्याकडे पाठवलं. घड्याळवाल्याने मशीनला हातही लावला नाही, "दवाखान्याचं आहे, शॉक बसला तर जबाबदारी कोण घेणार?" म्हणाला. एका चकचकीत दुकानात टाय लावलेल्या माणसाने आमचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि आम्हाला स्पीकरचा सेट दाखवायला लागला. "आवाज एकदम क्लिअर आहे, मॅडम." मी आईकडे पाहिलं. पूर्वी असती तर तिने त्याला तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. तिचे ओठ हललेही, पण त्याचा काय उपयोग?

प्रत्येक ठिकाणी मला तेच सांगावं लागत होतं. आईच्या गळ्याचं ऑपरेशन. स्वरयंत्र. गळ्याला टेकवायचं. सेल. सांगून सांगून माझाच घसा बसला. आणि गल्लीतली धूळ, टेम्पोचा धूर. आईने मानेवरच्या फडक्यावर पदर धरला होता, तरी मध्येच तिला खोकला यायचा. तो खोकला तोंडातून नाही, मानेतून यायचा. लोक दचकून बाजूला व्हायचे.

शेवटी मी एका रसवंतीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "चल घरी. बास झालं."

तिने मान हलवली.

"आई, मिळत नाही. सगळे सांगतायत मिळत नाही. रविवार झाल्यावर परत येऊ. काकांना घेऊन येऊ."

पुन्हा तेच. नाही.

"रविवारी तुला बोलायचं कामच काय आहे? काका आहेत ना बोलायला. तू बसायचंस, नमस्कार करायचास. इतकी माणसं येणार, त्यांच्यासमोर ते मशीन लावून…"

पुढचं मी गिळलं. पण तिला काय ऐकू येत नव्हतं? न बोललेलंही ऐकू आलं. रसवंतीच्या शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर, रिकाम्या खोक्यांच्या बाजूला ती मांडी घालून बसली. भर रस्त्यात. मी तिला उठवायला गेले तर तिने हात झटकला. मग माझ्याकडे बघत ओठ हलवले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"काय?"

पुन्हा हलवले.

"कुणाला? काकांना?"

तिने कपाळावर हात मारला.

"मला नाही कळत!" मी ओरडले. "नाही कळत मला, आई! रोज तेच! काय कळायचं मला?"

रसवंतीचा चरक थांबला. रस पिणारी माणसं ग्लास हातात धरून आमच्याकडे बघत होती. मला रडू आलं. रडण्यापेक्षा राग आला, रस्त्यात रडू आलं म्हणून. आईने खालची धूळ झटकली आणि मला शेजारी बसायला जागा केली. मी बसले नाही. उभीच राहिले, पाठ करून.

मागून माझ्या साडीचा पदर ओढला गेला. आई समोर बोट दाखवत होती. पलीकडे जिन्याखाली एक अरुंद दुकान होतं. भिंतीवर खालपासून वरपर्यंत टीव्हीचे रिमोट लावलेले, झुरळांसारखे काळे, शेकड्यांनी. आत एक बाई डबा उघडून जेवत होती.

"रिमोटचं दुकान आहे ते. तिथे काय मिळणार?"

आई उठून चालायलाही लागली होती.

बाईंचं नाव लोणकर. ते पाटीवरच होतं, लोणकर रिमोट्स. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, कपाळावर आठ्या. आम्हाला बघून घास हातातच ठेवून म्हणाल्या, "जेवतेय. अर्ध्या तासाने या."

"आम्हाला रिमोट नकोय," मी म्हणाले.

"मग तर अजिबातच येऊ नका."

मी वळले. पण आईने मशीन त्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिलं, चपातीच्या बाजूला. लोणकरबाईंनी ते डाव्या हाताने सरकवलं, मग चष्मा वर केला.

"गळ्याचं आहे ना?"

त्या गल्लीत पहिल्यांदाच मला कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

"माझ्या सासऱ्यांचं झालं होतं ऑपरेशन. त्यांना नाही मिळालं मशीन. खडूने लिहायचे फरशीवर. मी पुसायचे." त्या आईकडे वळल्या, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सेल मिळणार नाही हो. उगाच फिरू नका. बंद झाला तो."

आईने हात जोडले नाहीत. तिने बोट वर केलं, एक. एकदाच.

"एकदाच कशाला पाहिजे?"

"रविवारी माझी सुपारी आहे," मी म्हणाले. "तिला बोलायचंय."

लोणकरबाई मला आपादमस्तक न्याहाळत राहिल्या. मग डबा बाजूला सारला, हात पुसला आणि काउंटरखालून एक खोकं ओढलं. त्यात मोडके कॉर्डलेस फोन होते. एकाच्या पाठीतून त्यांनी सेलचा लहान गठ्ठा काढला, वायरी कातरल्या.

"बसणार नाही आत. बाहेरून जोडून देते. दिसायला वाईट दिसेल."

"चालेल?" मी आईला विचारलं. आईने माझ्याकडे बघितलंही नाही, ती बाईंच्या हातांकडे बघत होती.

पहिल्यांदा जोडलं, काही झालं नाही. बाईंनी वायरींची अदलाबदल केली. तरीही काही नाही. "तो म्हणतो बोर्ड गेलंय," मी म्हणाले. "कोण तो?" म्हणत त्यांनी सेलचा तो गठ्ठा फेकून दुसरा काढला. तोही मेलेला. तिसरा. माझ्या डोळ्यांसमोर परतीची एस्टी दिसत होती, आणि रिकाम्या हाताने गेल्यावर काकांचं तोंड. मग एकदम घरघर आली. नेहमीपेक्षा जाड, जरा फाटकी. बाईंनी पटकन बटण सोडलं, काळ्या चिकटपट्टीने सेल मशीनच्या पाठीला गुंडाळला, तुटलेला कोपराही त्यातच बांधला. पाठीला पोक आलेल्या म्हाताऱ्यासारखं ते मशीन त्यांनी आईच्या हातात दिलं.

आईने ते गळ्याला टेकवलं. मला वाटलं, आता एवढ्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडणार.

"जेवा," ती त्या घरघरीतून लोणकरबाईंना म्हणाली. "गार झालं."

बाई खळखळून हसल्या. मग लगेच आठ्या घालून म्हणाल्या, "हा सेल तुमच्या चार्जरवर चार्ज नाही व्हायचा. त्यात किती जोर शिल्लक आहे मला माहीत नाही. जपून वापरा. पुढच्या आठवड्यात या, चार्जरचं बघू."

आईने बटणावरचं बोट काढलं आणि मशीन पदराखाली कमरेला खोचलं.

एस्टीत खिडकीची जागा मिळाली. कात्रज मागे पडल्यावर मी विचारलं, "रविवारी काय बोलायचंय तुला एवढं?" तिने मशीनवर पदराच्या वरून हात ठेवला आणि मान हलवली. सेल जपायचा होता. शनिवारी काका आले, मंडपाचं, आचाऱ्याचं बोलले, "वहिनी, झालं का मशीन? वा वा," म्हणाले. ती नुसती हसली. शनिवारभर ती एक शब्दही बोलली नाही. मला वाटायचं, पाहुण्यांचं स्वागत करायचं असेल. "या, बसा" म्हणायचं असेल. खानावळवाली बाई, तिला राहवत नसेल. आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावर काय उमटेल, याचीच मला धास्ती होती.

रविवारी घरासमोर लहानसा मंडप होता. शिळीमकरांकडून जीपभर माणसं आली. महेंद्र पांढरा शर्ट घालून आला होता, मामांच्या शेजारी बसला. मी आत, दाराच्या आड. पाटावर नारळ, पानं, सुपारी मांडली. भटजींनी काय ते म्हटलं. काका मांडी घालून पुढे सरकले.

"दोन्हीकडून पसंती आहे. आमच्या वहिनींची पण संमती आहे. तेव्हा आता सुपारी फोडून टाकू."

तेवढ्यात घरघर सुरू झाली.

मंडपातल्या माणसांना आधी कळलंच नाही आवाज कुठून येतोय. कुणी वर पंख्याकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. काळ्या पट्टीने बांधलेलं ते मशीन तिने गळ्याला दाबून धरलं होतं. महेंद्रच्या आईने पदर तोंडाशी नेला. मागे एक बाई खुदकन हसली. मी दाराची चौकट घट्ट धरली.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता," काका म्हणाले, "मी आहे ना."

आईने काकांकडे बघितलं नाही.

"महेंद्र," ती म्हणाली. "तुला हे लग्न करायचंय का?"

एकाच पट्टीत. त्यात ना राग, ना लाडीगोडी. जेवायला काय वाढू, विचारावं तसं.

मामा हसले. "अहो विहीणबाई, करायचंय म्हणून तर आलोय एवढे."

"तुम्हाला नाही. त्याला."

आता माझ्या लक्षात आलं, इतके दिवस ते ओठ काय म्हणत होते. आहेर नाही, साडी नाही, जेवण नाही. त्याला विचारा. त्याला विचारा. त्याला विचारा.

आईने बटण सोडलं नव्हतं. शब्द नव्हते, नुसती घरघर चालू होती. त्या आवाजात कुणाला काही बोलता येईना. मामांनी भाच्याच्या मांडीवर हात ठेवला. महेंद्र वर बघेना. मग त्याने मामांचा हात बाजूला केला.

"नाही," तो म्हणाला.

आई थांबली. बटण सोडलं.

"काय नाही?" मामा गरजले.

"मला दुसरीकडे करायचंय. मी सांगितलं होतं घरी. मी सांगितलं होतं, आई, तुला." त्याचा आवाज पातळ होता, आणि मी तो पहिल्यांदाच धड ऐकत होते. "हिचा काही दोष नाही," एवढं तो दाराकडे बघून म्हणाला, आणि उठून चपला न घालता मंडपाबाहेर गेला.

त्यानंतर जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही. मामा काकांवर, काका मामांवर. महेंद्रची आई रडत जीपमध्ये जाऊन बसली. कुणीतरी चपला घेऊन महेंद्रच्या मागे पळालं. आमच्याच नात्यातली एक बाई मोठ्याने म्हणाली, "त्या मशीनने पोरीचं वाटोळं केलं." काका जाताना आईसमोर उभे राहिले. "वहिनी, तुमची वाचा गेली होती तेच बरं होतं," म्हणाले, आणि गेले. नंतर सहा-सात महिने त्यांनी आमच्या घराची पायरी चढली नाही. पुढे आपणहून आले, ते शब्द त्यांनाही जड झाले असावेत, पण तो विषय कुणी काढला नाही.

पुढचं थोडक्यात. महेंद्रने दोन वर्षांनी त्याच्याच कंपनीतल्या मुलीशी लग्न केलं. मुलगी दुसऱ्या जातीची होती, घरच्यांनी बरंच छळलं, पण केलं. मी गावात काही काळ "ती, जिची सुपारी मोडली" म्हणून ओळखली गेले. मग लोकांना दुसरे विषय मिळाले. माझं लग्न पुढे झालं, उशिराच, आणि होणाऱ्या नवऱ्याशी मी आधी पोटभर बोलून घेतलं. आम्ही दोघांनी खानावळ पुन्हा उघडली, अजूनही चालवतो. आई जाईपर्यंत गल्ल्यावर बसायची. लोणकरबाईंनी चार्जर जमवून दिला होता. ड्रायव्हर लोक तिच्या घरघरीची नक्कल करायचे, आणि ती त्यांना त्याच घरघरीत शिव्या द्यायची.

पण त्या रविवारची संध्याकाळ सांगायची राहिली.

मंडपवाला बांबू उपटून नेत होता. स्वयंपाकघरात बुंदीच्या लाडवांच्या पराती तशाच झाकलेल्या होत्या. मी आईशी बोलत नव्हते. भांडी आपटत होते. शेवटी राहवलं नाही.

"तुला कसं कळलं?"

तिने मशीन काढलं. घरघर आता बारीक झाली होती, शब्द अर्धे अर्धे येत होते.

"बघायला आला तेव्हा. त्याच्या तोंडचं सगळे बोलत होते." थांबून तिने श्वास घेतला. "माझ्यासारखं."

"मला सांगायचंस ना! एस्टीत सांगायचंस! शनिवारी सांगायचंस! चार माणसांत माझी शोभा करायची काय गरज होती?"

"तू काकांना सांगितलं असतंस. काकांनी मामांना." मशीन खरखरलं. "मामांनी त्याला गप्प केलं असतं."

मी पातेलं उचललं, परत ठेवलं. आई माझ्याकडे बघत होती. मग तिने बटणावर पुन्हा अंगठा दाबला, जोर लावून, जणू अंगठ्याच्या जोरावर ते चालणार होतं.

"तुला करायचं होतं का?"

नातेवाईक, शेजारी, काका, शिळीमकर, कुणीही मला हे विचारलं नव्हतं. मीही नाही. मी तोंड उघडलं. हो म्हणायला हवं होतं, म्हणजे भांडण तरी पुरं झालं असतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मग—" आई म्हणाली, आणि मशीन बंद पडलं. तिने ते हलवलं, हातावर आपटलं. सेल संपला होता. तिने ते फळीवर ठेवून दिलं, एक पाट माझ्याकडे सरकवला, आणि स्वतः समोर बसली.

मी बसले. आधी रागाने बोलायला लागले, मग नुसतीच बोलत राहिले. मला शिरवळच्या त्या घराची भीती वाटायची, तो गप्प असायचा म्हणूनच तो मला आवडला होता, खानावळीला कुलूप लागलं त्या दिवशी मी मागच्या अंगणात जाऊन रडले होते, आणि काका "एकदा हिचं उरकलं की सुटलो" म्हणतात तेव्हा मला कुठेतरी निघून जावंसं वाटतं. एवढं मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. आईला हुंकार देता येत नव्हता. म्हणून मी थांबले की ती माझ्या गुडघ्यावर हलकी थाप मारायची. ऐकतेय, पुढे बोल.